हवेत आवळलेले बोल्ट

आमच्या भाऊजींना सगळा बाजार ‘कानसेन’ म्हणायचा. हे नाव ठेवलं समोरच्या टायरवाल्याने. “तानसेन गल्लोगल्ली सापडतील, कानसेन एकच,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःची पंक्चरं टाकून आमच्या दारात येऊन उभा राहायचा. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गॅरेज त्यांचं. मी तिथे लागलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. गाडीचं खालचं अंग, म्हणजे स्प्रिंगा, शॉकअप, आर्म, बुश, एवढंच आमचं काम. इंजिन घेऊन कुणी आलं तर भाऊजी हात जोडायचे.

दिसायला काही विशेष नाही. बुटके, अंगाने सुके, मिशी कायम एका बाजूने जास्त कापलेली, कारण आरशात बघायचा कंटाळा. बोलणं इतकं कमी की पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली होती, “अगं, मुका नाही ना तो? एकदा काहीतरी विचारून बघ.” मी त्यांच्या बरोबर उलट. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून ते मला पोपट म्हणायचे. वीस वर्षांत माझं खरं नाव त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

पण गाडीत बसले की हा मुका माणूस सगळ्यांना गप्प करायचा. गिऱ्हाईक शेजारी बसून सांगायला लागलं, की काल असा आवाज आला, परवा तसा आला, माझ्या साडूचं म्हणणं असं आहे, की भाऊजी म्हणायचे, “साहेब, तोंड मिटा. गाडी बोलतेय.” मग खिडक्या खाली करून वीसच्या वेगाने खड्ड्याखड्ड्यातून गाडी न्यायचे. डोकं किंचित डावीकडे कललेलं. परत आले की पाना मागायचे, खाली शिरायचे आणि ज्या बोल्टाला पहिला पाना लागायचा तोच दोषी असायचा.

एका गृहस्थांच्या गाडीत तीन महिने खुळखुळ होती. चार गॅरेजं हिंडून आले, निम्मी गाडी नवी झाली. भाऊजींनी एक फेरी मारली, डाव्या दाराचं आतलं आवरण काढलं आणि सात गोट्या बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. गृहस्थांच्या चिरंजीवांनी काचेच्या फटीतून एकेक करून सोडल्या होत्या. दुसरे एक जण आले, म्हणाले, “सासूबाई बसल्या की आवाज येतो, उतरल्या की जातो.” आम्ही हसून हसून लोळलो. भाऊजी हसले नाहीत. “कुठे बसतात?” एवढंच विचारलं. मागे डावीकडे बसायच्या. तिथल्याच शॉकअपचं रबर गेलेलं होतं.

तर असा माणूस. आणि त्याचे कान गेले.

मला ते कळलं ताईकडून. तीन-सव्वातीन वर्षं झाली असतील. मी घरी गेलो होतो, भाऊजी अंघोळीला गेले होते, आणि ताईने मला ओट्याजवळ ओढलं. “ह्यांना ऐकू कमी येतंय रे. दाराची घंटा कळत नाही. नळ चालू राहिला तरी कळत नाही. मी मागून हाक मारली तर वळत नाहीत, मला वाटायचं रागावलेत.”

“मग डॉक्टरकडे ने की. यंत्र मिळतं आता, बोटाएवढं.”

“वेडा आहेस का? यंत्र लावलेला माणूस आवाज शोधणार? बाजार हसेल.” मग तिने माझा दंड घट्ट धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. “तू त्यांच्याजवळ असतोस. तू ऐक. त्यांना कळू देऊ नकोस की आपल्याला कळलंय. झाकली मूठ राहू दे.”

मी ऐकायला लागलो. तोंडाळ माणसाचा एकदाचा उपयोग झाला. भाऊजी गाडी चालवायचे, मी शेजारी बसून बडबडायचो. “हा बघा, आला! ऐकलात ना? पुढून, उजवीकडून. वळताना जास्त.” भाऊजी नुसतं “हं” म्हणायचे. परत आलो की खाली शिरायचे आणि पहिला पाना बरोबर तिथेच लावायचे. गिऱ्हाईक थक्क. टायरवाला तोंडात बोट घालायचा. माझे कान त्यांच्यासारखे नव्हते हो, पण वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून जेवढे तयार व्हायचे तेवढे झाले होते. कधी मी चाक चुकायचो, तर भाऊजी खाली हात लावून, गाडी हलवायला सांगून, बोटांनी चूक दुरुस्त करायचे. असं आमचं दोघांचं मिळून बरं चाललं होतं. मला त्याचा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग डॉक्टरीणबाई आल्या.

त्या जनावरांच्या डॉक्टर. वरच्या डोंगरवस्त्यांवर जायच्या, जिथे रस्ता म्हणजे नदीचे गोटे. कुणाची गाय अडलेली असायची, कुणाच्या मेंढ्या धडाधड पडायला लागलेल्या असायच्या. त्यांची जीप पोटावर आपटायची. म्हणून त्यांनी गाडी उंच करायचं किट आणलं. लांब स्प्रिंगा, लांब शॉकअप आणि पुढच्या आर्मसाठी नवे बुश. म्हणाल्या, “मिस्त्री, हे तुम्हीच बसवायचं. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.” भाऊजींनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने हे पुष्कळ बोलणं झालं.

इथे थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बुश म्हणजे लोखंडी नळीभोवती चिकटवलेलं जाड रबर. आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, वर-खाली होतो तेव्हा ते रबर थोडं पिळतं आणि परत सुटतं. आता गाडी खांबांच्या लिफ्टवर चढवली की चाकं खाली लोंबतात. तशा लोंबत्या अवस्थेत बुशचा बोल्ट आवळला, तर रबर त्या जागी जखडतं. मग गाडी खाली उतरवली, तिचं वजन आलं, की ते रबर आधीच पिळलेलं. उभ्या गाडीतही पिळलेलं. प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळणार, आधी कुरकुरणार, मग फाटणार. म्हणून बोल्ट नुसते हाताने लावायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढे-मागे ढकलून बसू द्यायची आणि मग खाली सरपटत जाऊन आवळायचे. हा आमच्याकडचा पहिला पाठ. पण खाली सरपटत आवळणं म्हणजे वैताग. नाकावर चेसीस, लांब पाना फिरायला जागा नाही, कोपरं सोलून निघतात. गाडी वर असताना उभ्याने आवळणं कसं, आरामाचं काम.

दोन दिवस आम्ही ती जीप केली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींना विम्याच्या कचेरीत जायचं होतं. जाताना म्हणाले, “पोपट, आर्मचे चार बोल्ट हाताने लावून ठेव. उद्या खाली उतरवून मी आवळतो.”

मला राग आला. आता सांगताना लाज वाटते, पण आला. वीस वर्षं झाली, चाळिशी उलटली, अजून चार बोल्ट आवळायची परवानगी नाही? ह्यांचे कान मी, ह्यांचं नाव माझ्या जिवावर टिकलेलं, आणि मला म्हणे हाताने लावून ठेव! मनात असले विचार घोळवत मी लांब पाना घेतला आणि उभ्या उभ्या चारही बोल्ट आवळून टाकले. गाडी वर होती. चाकं लोंबत होती. मला दिसत नव्हतं असं नाही. मी मनाशी म्हटलं, रबर आहे, घेईल सांभाळून.

सकाळी भाऊजींनी गाडी खाली उतरलेली पाहिली. “बोल्ट?” त्यांनी विचारलं.

“आवळले. उतरवून आवळले मी.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते ओठ बघत असत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं संशय आला. पण त्यांनी मान हलवली आणि गाडी बाईंना दिली.

आठ दिवसांनी बाई परत. “मिस्त्री, आवाज येतोय हो. हळू जाताना, खड्ड्यात चाक गेलं की. आधी कर्रर्र, मग खट्.”

आम्ही फेरीला निघालो. भाऊजी चालवायला, मी शेजारी, बाई मागे. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर चाक चढलं आणि माझ्या पायाखालून, डावीकडून, अगदी बुटाच्या तळव्याला जाणवेल असा आवाज आला. कर्रर्र. खट्. मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. माझ्या हाताला त्या लांब पान्याचा गारवा आठवला. 

भाऊजी माझ्याकडे बघत होते. ते वाट बघत होते.

आमच्या गॅरेजात एक नियम होता. चूक झाली तर सांगायची, भाऊजी एक शब्द बोलत नसत. पण खोटं सांगितलं तर सामान उचलायचं. बारा वर्षं कामाला असलेल्या एका मिस्त्रीला त्यांनी असंच घालवलं होतं. न बदललेलं रबर बदललं म्हणाला होता, एवढ्यावर. त्याची बायको येऊन रडली तरी भाऊजी हलले नाहीत. आणि मी तर सख्खा मेहुणा, ताईचा भाऊ. माझ्यासाठी नियम मोडला तर त्यांची मान खाली, नाही मोडला तर ताईचं घर दुभंगलं. हे सगळं मी त्या एका क्षणात विचारात घेतलं असं म्हणणार नाही. तेव्हा नुसती भीती होती.

“मागून येतोय,” मी म्हणालो. “मागून, उजवीकडून.”

मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, “मला तर पुढून वाटतो.”

“चेसीसमधून फिरतो हो बाई आवाज,” मी म्हणालो. “लोखंडातून कुठल्या कुठे जातो. फसवतो.” आणि हे खरंच होतं. खोटं बोलणाऱ्याला खरं किती उपयोगी पडतं बघा.

भाऊजी “हं” म्हणाले.

माझा बेत साधा होता. ते मागे गुंतले की मी पुढे शिरतो, चारही बोल्ट ढिले करतो, जमिनीवर परत आवळतो, आवाज बंद. कुणाला काही कळायचं कारण नाही. बाई गाडी ठेवून गेल्या. दुसऱ्याच दिवशी भाऊजी जेवायला बसले तेवढ्यात मी तो उद्योग केला. खाली सरपटत, कोपरं सोलत, जसं पहिल्यांदाच करायला हवं होतं तसं. बोल्ट सोडताच आर्मला झटका बसला, इतका पीळ होता त्यात. मग बॅटरी लावून बुश बघितला. डाव्या बुशचं रबर नळीपासून निम्मं सुटलेलं होतं. डोंगरावरच्या आठ दिवसांनी त्याला फाडलं होतं. आता बोल्ट कितीही नीट आवळा, आवाज राहणारच. नवीन बुश मागवायचा तर भाऊजी विचारणार, कशाला.

आणि तिकडे भाऊजी मागे काम करत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी मागचे दोन्ही शॉकअप काढले, हाताने दाबून बघितले, परत लावले. फेरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अजून येतोय,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मागच्या स्प्रिंगांच्या बैठका. फेरी. “येतोय.” तिसऱ्या दिवशी सायलेन्सरची अडकवण, जादा चाकाचं बूड, हुकाचा दांडा, जे जे मागे होतं ते सगळं. साठीला टेकलेला माणूस दिवसभर पाठीवर पडून एकेका लोखंडाला हात लावून बघत होता आणि मला वरून गाडी हलवायला सांगत होता. मी हलवत होतो. “आता?” “येतोय.” एकदा त्यांनी लांब पेचकस काढला, टोक चेसीसला लावलं, मूठ कानाला लावली. पूर्वी ते असंच ऐकायचे. बराच वेळ तसे पडून राहिले. मग पेचकस बाजूला ठेवला आणि डोळ्यांवर हात ठेवून तसेच पडून राहिले.

मी का नाही बोललो तेव्हा? मी स्वतःला हजारदा विचारलंय. उद्या सांगू, असं म्हणत होतो. खोट्याचं असंच असतं, पहिल्या दिवशी सांगायला जेवढं धाडस लागतं त्याच्या दुप्पट दुसऱ्या दिवशी लागतं. आणि मी मुळात भित्रा. तोंडाळ माणसं बहुतेक भित्री असतात.

त्या संध्याकाळी ताईचा निरोप आला म्हणून गेलो. भाऊजी ताटावर बसून होते, घास हातात तसाच. ताई मला बाहेरच्या खोलीत म्हणाली, “काय झालंय रे? तीन दिवस झोप नाही त्यांना. पहाटे उठून बसतात. मला विचारत होते, गॅरेज विकलं तर आपलं भागेल का.”

“एक आवाज सापडत नाहीये,” मी म्हणालो.

“मग तू सापडव की! तुला कशाला ठेवलंय मी तिथे?”

मी घरी आलो. बायकोने विचारलं, तोंड का असं झालंय. म्हटलं, दाढ दुखते.

चौथ्या दिवशी बाई आल्या. वरच्या वस्तीवर साथ आली होती, त्यांना गाडी हवी होती, आवाजासकट चालेल म्हणाल्या. भाऊजी खालून बाहेर आले. हात पुसले. टायरवाला दारात होता, आणखी दोन गिऱ्हाइकं बाकावर होती. आणि भाऊजी, ज्यांच्या तोंडून एका वेळी चार शब्द निघत नसत, ते सगळ्यांसमोर बोलायला लागले.

“बाई, मला आवाज सापडला नाही. तुमचे चार दिवस मी वाया घालवले. खरं सांगायचं तर मला तो ऐकूच आला नाही. माझे कान गेलेत. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही, ती माझी लबाडी. तुम्ही गाडी दुसरीकडे दाखवा. आणि तोवर डोंगरावर नेऊ नका, मी हात जोडतो. जे मला सापडलं नाही ते काय असेल याचा भरवसा मी देऊ शकत नाही.”

आणि त्यांनी खरंच हात जोडले. काळे, तेलकट हात. टायरवाल्याने मान खाली घातली. 

मला राहवलं नाही. मी पुढे झालो, त्यांच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, “भाऊजी, पुढे आहे. डावा बुश. माझ्यामुळे झालंय.”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “काय?”

हळू बोलून चालणारच नव्हतं. त्या माणसाला गुपचूप काही सांगायची सोयच राहिलेली नव्हती. मी ओरडलो. “बोल्ट मी आवळले! गाडी वर असताना! खाली उतरवून आवळले हे खोटं सांगितलं! आवाज पुढून येतोय, पहिल्या दिवसापासून पुढूनच येतोय! मला माहीत होतं!” पलीकडच्या दुकानातून माणसं बाहेर आली. मी रडत होतो की काय कोण जाणे, तोंड ओलं झालं होतं.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे ओठांवरून वाचलं. मग काही न बोलता पुढच्या चाकाखाली शिरले आणि हात बाहेर काढून बाईंना खूण केली, गाडी हलवा. बाईंनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली. दोनदा, तीनदा. “सापडला,” खालून आवाज आला.

बुश संध्याकाळपर्यंत मागवून घेतला. सगळं त्यांनी स्वतः केलं. मी पाना पुढे केला तर घेतला नाही, उठून दुसरा घेतला. बोल्ट हाताने लावले, गाडी उतरवली, ढकलली, बसू दिली, खाली सरपटले आणि आवळले. मग फेरीला निघाले. मी सवयीने दार उघडून शेजारी बसायला गेलो. ते म्हणाले, “बाई, तुम्ही पुढे बसा.” मी फुटपाथवर उभा राहिलो. परत आले तेव्हा त्यांनी बाईंना विचारलं, “गेला का?” “गेला, मिस्त्री,” बाई म्हणाल्या.

सगळे गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, “सामान उचलतो मी.”

“कशाला?” ते म्हणाले. बाकावर बसले होते. मलाही बसायची खूण केली. “हवेत बोल्ट मीही आवळलेत, तुझ्यापेक्षा लहान असताना. एका गाडीचं चाक माझ्यामुळे वाकडं झालं होतं. त्याचं काही नाही.”

मला वाटलं सुटलो.

“तुला माहीत होतं मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “तुला माहीत होतं हे मला माहीत होतं. पहिल्या महिन्यातच कळलं. तू मुद्दाम मोठ्याने बोलायचास, तोंड माझ्याकडे करून बोलायचास. तुझ्या बहिणीने शिकवलं असणार. मला वाईट नाही वाटलं रे. उलट बरं वाटलं. म्हटलं, माझे गेले तर गेले, ह्याचे आहेत. मी तुझ्या कानाने दोन वर्षं ऐकलं. कधी शंका नाही घेतली. बाई म्हणत होत्या पुढून येतो, तुझ्यासमोर म्हणाल्या. मी त्यांचं ऐकलं नाही. तू सांगितलंस मागे, तर मी मागे गेलो.”



“बोल्टाचं मी माफ करीन,” ते म्हणाले. “पण आता मी कुणाच्या कानाने ऐकू?”

त्यांनी हे रागाने विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. ते खरंच विचारत होते. माझ्याकडे बघत होते, माझे ओठ हलायची वाट बघत. 

ताईला मीच सांगितलं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, “चार दिवस? चार दिवस तू त्यांना गाडीखाली झोपवलंस?” आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. अजून ती माझ्याशी बोलते ते कामापुरतं. जेवून जा म्हणते, पण ताटाशी थांबत नाही.

गॅरेज चालू आहे. भाऊजींनी मला काढलं नाही. रोज नऊला येतात, मला चहा सांगतात, पोपट म्हणून हाक मारतात. पण फेरीला मला नेत नाहीत, कारण फेरीच राहिली नाही. आम्ही ब्रेकचे गुटके बदलतो, तेल बदलतो, फुटलेली स्प्रिंग दिसली तर नवी लावतो. जे डोळ्याला दिसतं तेवढंच. कुणी आवाजाची तक्रार घेऊन आलं की भाऊजी उठून उभे राहतात आणि म्हणतात, “आवाजाचं काम इथे होत नाही.” टायरवाल्याने आता त्यांना मिस्त्री म्हणायला सुरुवात केली आहे. कानसेन कुणी म्हणत नाही.

मागच्या महिन्यात बाई आल्या. जीप वर्षभर डोंगर चढून-उतरून चिखलाने माखलेली. “मिस्त्री, नवा आवाज सुरू झालाय. जरा बघा ना.”

“ब्रेक बघतो बाई. तेल बघतो. आवाज दुसरीकडे दाखवा.”

“अहो, असं काय करता? मी तुमच्याशिवाय कुणाकडे गेलेय का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाक खोलत खाली बसलो होतो. गाडी दारातून आत येताना मला ऐकू आलं होतं. मागचा उजवा शॉकअप, वरचा बोल्ट. पान्याचे दोन फेरे. पाच मिनिटांचं काम.

मी तोंड उघडलं. भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते. ते बाईंना कोपऱ्यावरून कसं जायचं, पुढच्या रस्त्यावरचं मोठं गॅरेज कुठे आहे, ते हाताने दाखवत होते. बाई गाडीत बसल्या. गाडी निघाली. गतिरोधकावर एकदा वाजली, पुढच्या खड्ड्यात दुसऱ्यांदा वाजली.

भाऊजी आत आले. “पोपट,” म्हणाले, “त्या पांढऱ्या गाडीचं तेल काढून घे.” मी उठलो आणि तेल काढायला घेतलं.